हजेरी मोजू नका, चाललेले प्रोग्राम मोजा

दुर्गम भागातल्या विज्ञान विद्यार्थ्यांचे पायथन या संगणक-भाषेचे ऑनलाइन प्रशिक्षण ‘यशस्वी’ झाल्याची बातमी या आठवड्यात वाचली आणि संताप आला. यशस्वी कशावरून? किती जणांनी लिंक उघडली आणि किती प्रमाणपत्रे निघाली, यावरून! त्यांतल्या किती मुलांनी स्वतः एक तरी प्रोग्राम लिहून चालवला, हा आकडा बातमीत नाही. तो कुणी मोजलेलाच नाही.

मी अहेरी भागात भौतिकशास्त्र शिकवतो. आयोजकांनी दोन-दोन तासांची थेट व्याख्याने ठेवली, तीही ऐन पावसाळ्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे तुमच्याच पत्रात दरवर्षी छापून येते. बहुतेक मुलांकडे फक्त मोबाइल. त्यावर व्याख्यान ऐकता येईल, पण कोड लिहायचा कसा? पायथनमध्ये एक ओळ योग्य तेवढी आत सरकवली नाही तरी प्रोग्राम अडतो. शेजारी जाणकार असेल तर ही चूक तेव्हाच सुटते. नसेल तर मुलगी तिथेच अडकते आणि ‘हे आपल्याला जमायचे नाही’ असे मनाशी ठरवून टाकते. तिला प्रमाणपत्र मात्र मिळते!

हे टाळता आले असते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे फुकट आहेत, त्यांतले कितीतरी मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. धडा थांबवायचा, पडद्यावर शेजारीच करून बघायचे, मग पुढे जायचे. आफ्रिकेत ‘एचथ्रीएबायोनेट’ या संशोधन-जाळ्याने २०१६ मध्ये जैवमाहितीशास्त्राचा अभ्यासक्रम असाच दुरून शिकवला. व्याख्याने आधीच चित्रित केलेली, १० देशांत मिळून २० वर्ग आणि प्रत्येक वर्गात मदतीला माणूस हजर. त्यांना जे सुचले ते आपल्या आयोजकांना का सुचू नये?

गडचिरोलीच्या मुलांना हे शिकायची गरज नाही, असे कुणी म्हणू नये. राज्यात मलेरियाचा जाच ज्यांना सर्वाधिक, त्या जिल्ह्यांत आमचा जिल्हा आहे. रुग्णांच्या महिनावार नोंदी पावसाच्या आकड्यांशी ताडून बघणे बी.एस्सी.च्या मुलांना सहज जमेल. त्यासाठी महासंगणक लागत नाही, जुना संगणकही पुरतो.

महासंगणकांसाठी मात्र पैसा आहे. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेला ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. महासंगणक बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकचा अभिमान मलाही आहे. पण ती यंत्रे वापरणारी मुले फक्त पुण्या-मुंबईतूनच यायची का?

आणि शेजारी बसून चूक दाखवणारा माणूस आणायचा कुठून? प्रयोगशाळा सहायकांची पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना मानधनासाठी महिनोन्महिने ताटकळावे लागते. आधी ही पदे भरा, पुढचे प्रशिक्षण त्यानंतर जाहीर करा.

— एक प्राध्यापक, अहेरी (जि. गडचिरोली)