शेवटची चूक आणि अख्खा सामना

बचत गटाची नोंदवही लिहिताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. अकरा महिने वेळेवर हप्ता भरणारी बाई बाराव्या महिन्यात चुकली, की बैठकीत चर्चा फक्त त्या बाराव्या महिन्याची! वही उघडून आधीची पानं दाखवली, की मग सगळ्या गप्प बसतात.

आता तुम्ही म्हणाल, याचा रग्बीशी काय संबंध? सांगते. माझी भाची कॉलेजात रग्बी खेळायला लागली. तिच्या नादानं महिला विश्वचषकाचे २०२२ आणि २०२५ चे अंतिम सामने मी पाहिले, तेही वही-पेन घेऊन. हल्ली या खेळात प्रत्येक गोष्ट मोजतात. कुणी किती जणींना अडवलं, किती मीटर पळालं, किती चेंडू गमावले, सगळं. खेळाडूंच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे छोटं यंत्र असतं, ते धावणं मोजतं. माझी वही त्यामानाने अगदीच साधी. पण तेवढ्यानंही पुष्कळ काही कळलं.

आधी थोडे नियम. एका संघात पंधरा जणी. चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५ गुण. त्यानंतर खांबांमधून किक मारली की आणखी २. पेनल्टीची किक यशस्वी झाली तर ३. ‘लाइनआउट’ म्हणजे बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकायचा आणि मैत्रिणींनी उचलून धरलेल्या खेळाडूनं तो हवेत झेलायचा. मग चेंडू धरणारीला मधे घेऊन सगळ्यांनी मिळून पुढे रेटत न्यायचं, त्याला म्हणतात ‘मॉल’. (खरेदीचा नव्हे!)

१२ नोव्हेंबर २०२२. न्यूझीलंडमधलं ऑकलंड, ईडन पार्क मैदान. समोर इंग्लंड, सलग ३० सामने जिंकून आलेलं. शेवटच्या क्षणी यजमान न्यूझीलंड ३४–३१ असं पुढे होतं. इंग्लंडला पेनल्टी मिळाली. त्यांनी चेंडू कोपऱ्यात मारून लाइनआउट घेतला, रेषेपासून जेमतेम पाच मीटरवर. आणि न्यूझीलंडच्या जोआना न्गान-वूनं तो चेंडू हवेतच पळवला. संपला सामना!

झालं. आमच्या घरातसुद्धा लगेच निकाल लागला. “हातातला कप घालवला! तीन गुणांची किक मारायची, बरोबरी साधायची, सोप्पं होतं.” मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग वही पुढे ओढली.

पहिला आकडा वेळेचा. अठराव्या मिनिटाला इंग्लंडच्या लिडिया थॉम्पसनला लाल कार्ड मिळालं. अडवताना तिचं डोकं पोर्शिया वुडमनच्या डोक्यावर आपटलं होतं. तोपर्यंत गुण होते इंग्लंड १४, न्यूझीलंड ०. पुढची बासष्ट मिनिटं इंग्लंड चौदा जणींनिशी खेळलं आणि त्या वेळात गुण झाले १७ विरुद्ध ३४. म्हणजे बरोबर निम्मे. तरीही शेवटची दहाएक मिनिटं उरेपर्यंत इंग्लंड दोन गुणांनी पुढे होतं! एक बाई कमी असताना बाकीच्यांनी किती काम ओढलं असेल, कल्पना करा. घरात एक माणूस आजारी पडलं की काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा आकडा त्या शेवटच्या निर्णयाचा. हूकर एमी कोकेननं त्या दिवशी तीन ट्राय केल्या, त्या याच लाइनआउट आणि मॉलच्या जोरावर. तीन गुणांनी नुसती बरोबरी झाली असती आणि जास्तीची वेळ खेळावी लागली असती, तीही दमलेल्या चौदा जणींना. दिवसभर जे जमत होतं, त्याच्यावरच त्यांनी विश्वास टाकला. निर्णय काही खुळा नव्हता, फक्त फळला नाही. आणि समोरच्यांनाही तेच आकडे दिसत होते ना! त्यांनी ते वाचले आणि नेमक्या वेळी उडी घेतली. आकड्यांची ही दुसरी बाजू. तुमची हुकमी गोष्ट शत्रूलाही पाठ होते.

आता तिसरा आकडा, मला सगळ्यांत बोलका वाटलेला. २७ सप्टेंबर २०२५ ला लंडनमधल्या ट्विकनहॅममध्ये इंग्लंडनं कॅनडाला ३३–१३ असं हरवून विश्वचषक जिंकला. इंग्लंडच्या ट्राय किती? पाच. आणि २०२२ ला हरले तेव्हा? तेव्हाही पाचच! फरक पडला तो दिलेल्या ट्रायमध्ये. तेव्हा सहा दिल्या होत्या, आता दोनच. अर्थात प्रतिस्पर्धी वेगळा होता, लाल कार्डही नव्हतं, त्यामुळे दोन सामन्यांवरून मोठा सिद्धांत मांडायला मी जाणार नाही. पण टाळ्या मिळतात ट्राय करणारीला, आणि सामना राखतात अडवणाऱ्या. त्यांचं काम दिसत नाही, मोजलं तरच कळतं.

मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला आई म्हणून जास्त मोलाचा वाटतो. २०२५ च्या विश्वचषकात खेळाडूंच्या तोंडात दातांचं रक्षण करणारं असं साधन होतं, की डोक्याला ठरावीक मर्यादेपलीकडे धक्का बसला की त्यावर लाल दिवा लुकलुकतो. मग खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात. “मला काही झालं नाही” असं तिनं म्हटलं तरी! हे वाक्य आपण बायका दिवसातून किती वेळा म्हणतो? तिथे निदान दिवा तरी खरं बोलतो.

सगळंच आकड्यांत मावत नाही, हे मलाही कळतं. मैदानातून बाहेर जाताना लिडियाच्या मनात काय चाललं असेल, ते कुठलं यंत्र मोजणार? पण एका चुकीवरून अख्ख्या बाईला दोष देण्याआधी मागची पानं उलटून बघायची सवय लागली, तरी खूप झालं. पुढच्या बैठकीला मी नोंदवही पहिल्या पानापासूनच वाचायला घेणार आहे. तुम्हीही घेऊन बघा.