ग्रंथ हरवला, पण वळण राहिलें

वर्षारंभीं मुलांस शाळेंत व वसतिगृहांत दाखल करण्यासाठीं जे पालक येतात, त्यांच्या तोंडून एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळतें: "गुरुजी, मूल तुमच्या हवालीं केलें, आतां त्यास वळण लावणें तुमच्याकडे." या शब्दांत शाळेविषयीं जो विश्वास आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहों. तथापि या वाक्यांत एक चूक दडलेली आहे, व ती दाखविणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. देवावरील श्रद्धा व त्याच्या आज्ञेचें पालन यांविषयीं शाळा पुष्कळ कांहीं सांगूं शकते, हें खरें. परंतु या गोष्टी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीस पोंचविण्याचें काम घराचेंच आहे. प्राचीन इस्राएल लोकांच्या इतिहासाइतका या मताचा दुसरा चांगला साक्षीदार नाहीं. आणि त्या इतिहासाचा एक धागा तर आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आलेला आहे.

मिसर देशांतील दास्यांतून सुटून आलेल्या लोकांस मोशेनें देवाच्या आज्ञा सांगितल्या, तेव्हां त्या केवळ ऐकून ठेवण्यास सांगितलें नाहीं. सकाळपासून रात्रीपर्यंत, घरांत आणि वाटेवर, आईबापांनीं त्या मुलांशीं बोलाव्या, अशी ताकीद दिली. वल्हांडण सणाच्या दिवशीं मूल विचारील कीं, हें आपण कां करितों. त्या वेळीं दास्याची व सुटकेची हकीकत त्यास सांगावी, असें ठरलें. पुढें यहोशवानें लोकांस यार्देन नदीपार नेलें, तेव्हां नदीच्या पात्रांतून बारा धोंडे आणून ते गिलगाल येथें उभे केले. त्यांचा हेतु हाच कीं, ते पाहून मुलांनीं प्रश्न करावा. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. उत्तर देण्याचें काम याजकांवर सोंपविलेलें नाहीं. तें आईबापांवर सोंपविलें आहे.

तरीहि काय झालें? यहोशवा व त्याच्या बरोबरीचे वृद्ध लोक निवर्तल्यावर जी पिढी पुढें आली, तिला देवाचीहि ओळख नव्हती आणि त्यानें केलेल्या कृत्यांचीहि नव्हती, असें शास्ते यांच्या पुस्तकांत लिहिलें आहे. धोंडे गिलगालास होतेच. विचारणारें मूल व सांगणारा बाप हे मात्र उरले नव्हते. पुढें शतकें लोटलीं. इसवी सनापूर्वीं ६२२ च्या सुमारास योशीया राजाच्या कारकीर्दींत यरुशलेमेच्या मंदिराची दुरुस्ती चालली असतां मुख्य याजकास नियमशास्त्राचा ग्रंथ सांपडला. तो वाचून दाखवितांच राजानें दुःखानें आपलीं वस्त्रें फाडलीं. पहा, ग्रंथ परक्या देशांत गेला नव्हता. तो देवाच्या मंदिरांतच होता, आणि तरीहि राष्ट्र त्यास विसरलें होतें!

त्याच सुमारास, योशीयाचा पुत्र यहोयाकीम गादीवर असतां, एक निराळाच प्रकार यरुशलेमेंत दिसून आला. रेखाबी नांवाचें एक घराणें होतें. त्यांचा पूर्वज योनादाब यानें वंशजांस सांगून ठेविलें होतें कीं, द्राक्षारस पिऊं नये, घरें बांधूं नयेत, तंबूंत राहावें. यिर्मया संदेष्ट्यानें त्यांस मंदिरांत बोलावून त्यांच्यापुढें द्राक्षारसाचे प्याले ठेविले. त्यांनीं ते घेतले नाहींत. आज्ञा देणारा मरून दोनशेंहून अधिक वर्षें झालीं होतीं. पण ती आज्ञा घराघरांत जिवंत होती. ज्या राष्ट्राजवळ मंदिर व ग्रंथ होता, त्यास संदेष्ट्यानें या तंबूंत राहणाऱ्या लोकांचें उदाहरण घालून दिलें.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. अलिबागच्या आसपासच्या गांवांतून बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलचीं लेंकरें, या नांवाचे लोक कित्येक शतकें राहत आले. त्यांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. बाकीचीं माणसें बुडालीं आणि त्यांच्याबरोबर धर्मग्रंथहि समुद्रांत गेले. वांचलेल्यांनीं तेल गाळण्याचा धंदा पत्करला. त्यांची भाषा मराठी झाली, पोशाख आसपासच्या लोकांसारखा झाला, आणि ज्या गांवीं राहिले त्यावरून ते किहीमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर म्हणवूं लागले. इब्री भाषा गेली. सणांचीं मूळ नांवेंहि गेलीं. 'नव्याचा सण', 'खिरीचा सण' अशीं मराठी नांवें पडलीं.

मग राहिलें काय? आठव्या दिवशीं मुलग्याची सुंता राहिली. ज्या माशास पर व खवले नाहींत, तो न खाण्याचा नेम राहिला. वर्षांतून एक दिवस दारें लावून उपास करण्याची चाल राहिली. देव एकच आहे असें सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना राहिली. जन्म, विवाह व मृत्यु या तिन्ही प्रसंगीं तीच एक म्हणत. आणि शब्बाथ राहिला. शनिवार आला कीं घाणा थांबे व बैल मोकळा होई. हातावर पोट असलेल्या माणसास आठवड्यांतून एक दिवस धंदा बंद ठेवणें सोपें नसतें. परंतु त्यांनीं तो बंद ठेविला, आणि म्हणूनच शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनिवार तेली' हें नांव दिलें. त्या तेल्यास हा नेम कोणत्या ग्रंथांत लिहिला आहे हें दाखवितां आलें नसतें. त्याचा बाप घाणा थांबवीत असे, एवढें त्यास ठाऊक होतें. मंदिरांत ग्रंथ असून जें यरुशलेमेस राखतां आलें नाहीं, तें ग्रंथावांचून या गरीब घरांनीं राखिलें.

त्यांच्या परंपरेंतील आणखी एक कथा आमच्या भगिनीवर्गानें अवश्य ऐकावी. दावीद रहाबी नांवाचा एक यहुदी गृहस्थ कोंकणांत आला. हे आपलेच लोक असावेत असें त्यास वाटलें. खात्री करण्यासाठीं त्यानें घरांतील स्त्रियांपुढें निरनिराळे मासे रांधण्यास ठेविले. त्यांनीं पर व खवले नसलेले मासे निमूटपणें बाजूस काढिले. ती परीक्षा पंडितांची नव्हती, स्वयंपाकघराची होती. आणि स्वयंपाकघर तींत उतरलें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही श्रद्धा नव्हे, ही केवळ रूढि आहे. आणि वाडवडिलांनीं केलें तें डोळे मिटून करणें यांत मोठेपणा कसला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. अब्राहाम देवाच्या आज्ञेनें बापाचें घर सोडून निघाला, तें बापाची चाल पुढें चालविण्यासाठीं नव्हे. त्याचा बाप इतर देवांची सेवा करीत असे. तेव्हां देवाची आज्ञा आणि घराची चाल या दोन्ही नेहमीं एकच असतात असें नाहीं. बेने इस्राएलांतहि 'गोरे' आणि 'काळे' असा भेद पिढ्यान् पिढ्या चालला, व एकाच देवाचीं लेंकरें म्हणविणाऱ्यांस तो शोभणारा नव्हता. वारशाबरोबर दोषहि येतात. म्हणून घरानें जें दिलें तें पाखडून घेण्यास विद्या हवी, आणि शाळेचें खरें काम तें हेंच.

ही विद्याहि बेने इस्राएलांस मिळाली, व ती त्यांनीं मनापासून घेतली. कंपनी सरकारच्या फौजेंतील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं त्यांस प्रार्थनाविधि शिकविले. १८२९ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन या मिशनऱ्यांनीं १८३२ मध्यें मराठींतून इब्री व्याकरण छापिलें, आणि मिशनच्या शाळांतून या समाजाचीं मुलें शिकूं लागलीं. पुढें जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनीं इब्री प्रार्थना मराठींत आणिल्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत इस्राएली शाळा काढिली व आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं तेल अवीव येथें प्रसिद्ध झाला. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ यांचीं आख्यानें मराठी कीर्तनांतून ऐकूं येऊं लागलीं.

मिशनच्या शाळेनें त्यांस विद्या दिली. परंतु त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनच्या शाळेच्या अंकांत हें लिहितांना आम्हांस संकोच वाटत नाहीं. उलट यांतच आमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. शाळा दिवा देते. त्या दिव्याच्या उजेडांत काय दिसावें, तें घरानें आधीं ठेविलेलें असतें.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील वर्षांत या समाजांतील बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं. तेथें त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढण्यांत आली! त्यांनीं ती मुकाट्यानें सोसली नाहीं. आणि १९६४ सालीं तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं त्यांस पूर्ण यहुदी म्हणून मान्य केलें. इकडे राहिलेल्या थोड्या लोकांस महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. तिकडे गेलेल्यांनीं मराठीहि टाकिली नाहीं. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं त्या देशांत काढिलें.

पालकहो, आतां आपल्या नंदुरबारकडे पाहूं. सातपुड्याच्या पाड्यांतून आणि तापीकांठच्या गांवांतून मुलें वसतिगृहांत येतात. कित्येकांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत जातात आणि महिनेच्या महिने भेट होत नाहीं. घरीं भिली, पावरी, मावची, कोकणी वा अहिराणी. शाळेंत पुस्तकी मराठी. अशा वेळीं आई म्हणते, "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?" माउली, तो घाणा थांबविणारा तेलीहि अडाणीच होता. शब्द खरा ठेवणें, घेतलेलें परत करणें, दारीं आलेल्यास पाणी देणें, आणि वर पाहणारा एक आहे हें जाणून एकटें असतांहि वाईटास हात न लावणें, या गोष्टी मुलास वाचून येत नाहींत; त्या पाहून येतात. सुटीचे चार दिवस तें घरीं येईल, तेवढ्यांतहि तें पाहून घेईल. मात्र त्यास दिसेल असें कांहीं घरांत असलें पाहिजे. बाप सायंकाळीं दारूच्या गुत्त्यावर असेल, तर सकाळची आमची प्रार्थना त्या मुलाच्या मनांत कोठें उभी राहणार?

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचेंहि एक काम आहे. या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात. हें काम सर्वांस सारखेंच आहे. गिलगालचे धोंडे मुलांनीं विचारावें म्हणून उभारिले होते. या सुटींत घरीं गेल्यावर आजोबा-आजीजवळ बसा. आपल्या घरांत अमुक गोष्ट कां करितात व अमुक कां करीत नाहींत, हें त्यांस विचारा. उत्तर मिळालें तर जपून ठेवा. मिळालें नाहीं तर शोधा. आणि चुकीचें आहे अशी खात्री पटली, तर नम्रपणें पण निश्चयानें तें सोडा. चार इयत्ता शिकलों म्हणून त्या वृद्धांस हंसूं मात्र नका.

अलिबागेस बेने इस्राएलांचें जें प्रार्थनामंदिर आहे, त्याचें नांव 'मागेन अबोथ', म्हणजे 'पूर्वजांची ढाल' असें आहे. पूर्वजांच्या देवानें त्यांचें रक्षण केलें तसें आपलेंहि करावें, हा त्यांतील भाव. ती ढाल शाळेच्या कपाटांत ठेवून भागत नाहीं. ती घरांतल्या माणसांच्याच हातीं असावी लागते. ती प्रत्येक पालकाच्या हातीं राहो आणि मुलांनीं ती विचारपूर्वक आपल्या हातीं घेवो, हीच आमची प्रार्थना.