गिअरबॉक्स उघडण्याआधी

जुनी गाडी आवाज करू लागली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘खर्च किती येईल?’ त्याच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न राहून जातो: ‘आवाज नेमका कधी येतो?’

आमच्या खांदा कॉलनीत पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाड्या कमी नाहीत. पुनर्नोंदणी करून, पर्यावरण कर भरून लोकांनी त्या जपल्या आहेत, कारण बाजारहाटाला आणि वर्षातून दोनदा गावाला जायला तेवढी गाडी पुरते. अशा गाडीचा गिअरबॉक्स घोंघावू लागला, खाली तेल दिसू लागलं की सल्ले दोनच मिळतात: बॉक्स बदला, नाहीतर गाडी काढून टाका. या दोन्हींच्या आधी तपासणीची पायरी असते, आणि ती चुकली की पैसा वाया जातो असं माझं ठाम मत झालं आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीला दोन्ही दुखणी एकदम लागली. एका गॅरेजात बोनेटही न उघडता गिअरबॉक्स बदलण्याचा आकडा सांगितला गेला. मग मी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, “काका, आज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी तो घेऊन या. आवाजाचं नंतर बघू.”

पावसाळ्यात पार्किंगची फरशी ओलीच असते, तिच्यावरच्या डागावरून काही कळत नाही. पुठ्ठ्यावरून कळतं. इंजिन ऑइल पातळ आणि वापरून काळं पडलेलं असतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, कारण दातांवरचा दाब सोसावा म्हणून त्यात गंधकयुक्त रसायनं घातलेली असतात. डाग चाकाच्या बाजूला असेल तर संशय एक्सलच्या ऑइल सीलवर. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे असेल तर गळती दोन्हीपैकी कशाचीही असू शकते आणि निकाल वासावर लागतो. बॉक्सला हवा खेळती ठेवणारा ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर आत दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. कळंबोलीच्या बाजूला पाणी साचतं तेव्हा आपण त्यातून गाडी काढतो. तापलेला बॉक्स त्या पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. मग आतलं तेल दुधाळ होतं. दुधाळ तेलावर चाललेल्या बेअरिंगचे दिवस भरत आलेले असतात.

माझ्या पुठ्ठ्यावरचा डाग डाव्या एक्सलखाली होता. मिस्त्रींनी गाडी सपाट जागी घेतली, बॉक्सच्या बाजूचा फिलर बोल्ट काढून आत बोट घातलं. तेल भोकाच्या काठापर्यंत हवं, ते बोटाला लागलंच नाही. गळती आणि आवाज ही दोन दुखणी नव्हती. गळतीने तेल कमी केलं आणि तेल कमी पडल्याने आवाज सुरू झाला.

त्यांनी तेल पातळीपर्यंत भरलं. कंपनीच्या पुस्तिकेत जीएल-४ सांगितलं असेल तर ‘भारीतलं’ म्हणून जीएल-५ घालू नये, हे त्यांनी बजावलं. जीएल-५मधली जास्तीची रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत आणि गिअर अडखळत पडतात.

मग आवाजाची परीक्षा. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच सोडलेला असताना आवाज आहे आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष बहुधा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. दाबल्यावरच सुरू होतो, तर रिलीज बेअरिंगचा. चालत्या गाडीत एकाच गिअरमध्ये आवाज आला तर त्या गिअरचे दात बघायचे. सगळ्या गिअरमध्ये आला आणि ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना बदलला, तर शाफ्टची बेअरिंग किंवा डिफरन्शियल. पूर्ण वळणावर टकटक आली तर सीव्ही जॉइंट. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही घूं-घूं चालूच राहिली तर चाकाचं बेअरिंग तपासायचं. तिथे गिअरबॉक्स उतरवला तर मजुरी फुकट.

गाडीची ठेवणही लक्षात घ्यावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमियर पद्मिनीत ताकद मागच्या चाकांना जायची. गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागे, दोघांचं तेल वेगळं. आवाज पुढून की मागून, एवढं ओळखलं तरी अर्धं काम व्हायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी घराघरांत पोचली. तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, एकाच तेलात. जागा वाचली, पण नुसत्या कानाने माग काढणं अवघड झालं. म्हणून हा क्रम पाळावा लागतो.

माझ्या गाडीचा आवाज तेल भरल्यावर कमी झाला, पण गेला नाही. न्यूट्रलमध्ये उरलेली घरघर क्लच दाबताच बंद व्हायची. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर थोडा करडा लगदा होता, तो चालतो. धातूचे कपचे नव्हते, म्हणजे दात शाबूत. बॉक्स उतरवावाच लागला, पण काय बदलायचं हे आधी ठरलं होतं: इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि सील. बॉक्स खाली आलाच होता, म्हणून क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घेतलं. गिअर जुनेच राहिले.

मिस्त्रींच्या बिलात सुटे भाग होते, मजुरी होती. त्यांनी ऐकण्यात आणि हुंगण्यात घालवलेल्या वेळाचा रकाना मात्र नव्हता. मी तो मागून घेतला आणि त्याचे पैसे दिले. निदान फुकटच मिळावं अशी आपली अपेक्षा असते. मग गॅरेजवाल्याचा रोजगार फक्त भाग बदलण्यावर चालतो आणि जो शोधत बसतो तो तोट्यात जातो. बेअरिंग गेलेलं असताना आख्खा बॉक्स बदलायचा सल्ला मिळतो, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

म्हणून गाडी गॅरेजात लावताना सांगा, ‘आधी फक्त तपासा, त्याचे पैसे मी वेगळे देईन.’ दोष कशावरून ओळखला ते विचारा आणि काढलेलं बेअरिंग हातात घेऊन फिरवून बघा. शोधणाऱ्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळू लागला, तर आपल्या वस्तीत शोधणारे मिस्त्री टिकतील. ते टिकले तरच जुन्या गाड्याही टिकतील.