बिरड्याचा रोजा आणि सरकारी शोक

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, घाण्यावर पोट भरणाऱ्या बेने इस्रायलांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारी घाणा बंद राही. मूळ धर्माज्ञेत हा विसावा मालकापुरता नाही. दास, दासी आणि जनावरांचाही तो हक्क आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो १८९० साली. धर्माला केवळ अफू म्हणून मोकळे होणाऱ्या साथींनी ही तुलना ध्यानात घ्यावी.

या समाजाने आपल्या सणांना मराठी नावे दिली. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, रोश हशानाह हा नव्याचा सण, पुरीम ही होळी. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस आठवण्याचा उपवास तर ‘बिरड्याचा रोजा’ झाला. दुःख यहुदी, वाल कोकणी आणि शब्द फारसी! आम्हा रत्नागिरीकरांना या मिश्रणाचे नवल वाटू नये. या शोकाला फौज नव्हती, तिजोरी नव्हती. शिवाय यहुदी परंपरा त्या विध्वंसाचे एक कारण आपसातला निष्कारण द्वेष हेही सांगते. शोक करणाऱ्याने प्रथम स्वतःला जाब विचारावा, अशी ही रीत आहे.

राष्ट्राचे स्मरणदिन निराळ्या धातूचे असतात. इस्रायलने १९५९ साली नाझी संहाराचा आणि १९६३ साली धारातीर्थी पडलेल्या सैनिकांचा स्मरणदिन कायद्याने ठरवला. साठ लाखांच्या हत्येचे स्मरण न्याय्यच आहे. त्यावर वाद नाही. परंतु त्याच राज्याने २०११ साली असा कायदा केला की स्वातंत्र्यदिन हा शोकदिन म्हणून पाळणाऱ्या संस्थेचे सरकारी अनुदान कापता यावे. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांच्या वंशजांच्या अश्रूंवर हा दंड आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात अंदाजपत्रकाची खरी भाषा दिसते: कोणाच्या मृतांना खर्च मंजूर आणि कोणाच्या नामंजूर.

म्हणून गाझातील संहाराचा निषेध करताना कोकणातल्या यहुद्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अडाणीपणाचे आहे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांच्याच यहुदीपणावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती. आंदोलन करून १९६४ साली त्यांना संसदेकडून बरोबरीची ग्वाही मिळवावी लागली. आपल्या शाखांनी २७ जानेवारीचा संहार-स्मरणदिन आणि १५ मेचा नकबा दिन, दोन्ही एकाच फलकावर लिहून पाळावेत. पहिल्या सभेला कोणी पॅलेस्टाईनचा प्रश्न विचारील आणि दुसरीला नाझी छळछावण्यांचा. विचारू द्यावा.