म्हातारा घोडा कीं आजारी घोडा ?

घोडा पंधरा-अठरा वर्षांचा झाला, कीं त्याच्या प्रत्येक तक्रारीचें खापर वयावर फोडण्याची आपल्याकडे रूढि आहे. पाठीवरचें मांस उतरलें, पोट लोंबूं लागलें, उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब, कुरळे केस झडेनात, कीं मालक म्हणतो, "वय झालें, चालायचेंच." आमच्या मतें ही समजूत मुक्या जनावरावर अन्याय करणारी आहे.

मेंदूच्या तळाशीं पिट्यूटरी नांवाची लहानशी ग्रंथि असते. तिच्या मधल्या भागाला डोपामिन हें द्रव्य आवरून धरतें. वार्धक्यांत तें पुरविणारे मज्जातंतु झिजतात, आवर सुटतो, आणि ग्रंथि फुगून नको तितके अंतःस्राव रक्तांत सोडते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत पंधरा वर्षांवरील घोडे तपासले, तेव्हां शेंकडा सुमारें २१ घोड्यांत हा विकार आढळला.

खरा घात पुढेंच आहे. घोडा वाळला म्हणून मालक चंदी वाढवितो, वर गूळही चारतो. हेतु प्रेमाचा, पण परिणाम उलटा ! अशा पुष्कळ घोड्यांना साखर सोसत नाहीं. रक्तांतील इन्शुलिन चढतें व टापांच्या आंतील नाजूक थराचा दाह होतो. मग घोडा पुढचे पाय ताणून, भार मागें घेऊन उभा राहतो. त्या अवस्थेंत नालबंदाचें कसबही तोकडें पडतें.

म्हणून संशय येतांच पशुवैद्याकडून एसीटीएच या अंतःस्रावाची रक्तपरीक्षा करवावी, इन्शुलिनही पाहवावें. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळांत निरोगी घोड्याच्याही रक्तांत एसीटीएच वाढतें, हें ध्यानांत घेऊनच आंकडा वाचला पाहिजे. (सारंगखेड्याच्या बाजारांत वयस्क घोड्याचे केस नुकतेच कातरलेले दिसले, तर कारण अवश्य विचारावें.)

रोग मुळापासून जात नाहीं. परंतु पर्गोलाईडची गोळी रोज, जन्मभर दिल्यास पुष्कळ घोडे सुधारतात. खर्च आहे, हें खरें. पण केस कातरणें, दांत घासून घेणें, टापा वेळेवर छाटणें, गुळाऐवजीं सुकें गवत देणें, यांस फारसें द्रव्य लागत नाहीं. आरंभीं भूक मंदावली, तर पशुवैद्यास कळवून मात्रा बदलून घ्यावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं ही गोळी उघड्या हातानें हाताळूं नये.