पेटी माळ्यावर का गेली?

लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी आम्ही दोघं आयर्लंडला जाऊन आलो. लेक-जावई क्लेअर परगण्यातल्या एनिस गावात राहतात. एकदा लेक म्हणाली, "आई, शनिवारी इथल्या पारंपरिक संगीताची मैफल आहे, सगळेच जाऊ." मी लगेच म्हटलं, "तुम्ही जा गं, मी बाळाला घेऊन घरी थांबते." सवयच ती! आपल्याकडे गणपतीतलं गाणं असो की दिवाळी पहाट, कुणीतरी घरी थांबायचं असतं. ते कोण, हे विचारावंही लागत नाही.

लेकीनं ऐकलं नाही. तीन महिन्यांच्या बाळासकट आम्ही पाचही जण गेलो.

सभागृहात आज्या होत्या, शाळकरी पोरं होती. बाळ रडलं तर कुणी डोळे वटारले नाहीत. आणि वाद्यं तर ओळखीचीच वाटली हो! शेळीच्या कातड्याचा बाउरान म्हणजे आपली मोठी दिमडीच, फक्त छोट्या लाकडी काठीनं वाजवतात. इलन पाइप्समध्ये तोंडानं फुंकत नाहीत, काखेतला भाता कोपरानं दाबतात. पण माझी नजर खिळली ती कॉन्सर्टिनावर. सहा कोनांची, दोन हातांत मावणारी. आपल्या पेटीसारखाच भाता, तशाच आत सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या. वाजवणारी बाई माझ्याच वयाची, शेजारी फिडलवर तिची लेक. आमचे हे, एरवी कार्यक्रमात डुलक्या काढणारे, पायानं ठेका धरून बसले होते.

जावयांनी सांगितलं, क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना हे बायकांचं वाद्य मानलं जाई. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५-१९६०) नवऱ्याबरोबर पब चालवत आणि तिथेच कॉन्सर्टिना वाजवत. १९५०च्या दशकात रेडिओनं त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्या साठी-सत्तरीच्या होत्या. तिथेही सगळं गोडच होतं असं नाही. १९३५च्या नाचगाण्याच्या परवान्याच्या कायद्यानं घरोघरच्या बैठकींवर संक्रांत आली होती. तरी वाद्य घरात राहिलं.

माझी पेटी मात्र माळ्यावर गेली. संगीताच्या चार परीक्षा दिलेली मी! खरं सांगते, सासरी कुणी "वाजवू नको" म्हणालं नाही. "वाजव" असंही कुणी म्हणालं नाही. मैत्रिणींनो, आपण मुलींना पेटी शिकवतो ती प्रमाणपत्रासाठी, फार तर बायोडाटात एक ओळ वाढावी म्हणून. घरच्यांसमवेत बसून वाजवायला शिकवतच नाही. मग लग्नानंतर ती माळ्यावर जाणार नाही तर काय?

परत आल्यावर पेटी खाली काढली. भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. हे म्हणाले, "दुरुस्तीपेक्षा नवीनच घे." म्हटलं, हीच नीट करून आणा. आता संध्याकाळी कुकर लावला की बसते. हे टीव्हीचा आवाज कमी करतात, बंद अजून करत नाहीत. रविवारी फोनवर नातवाला ऐकवते. तो पहिल्याच सुराला भोकाड पसरतो.