आधी तळ, मग कॅराव्हान

बर्फ सरला की कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतली मराठी कुटुंबं आरव्ही, म्हणजे आपल्याकडची कॅराव्हान, घेऊन बाहेर पडतात. अल्बर्टात फोर्ट मॅक्लाउडजवळचा ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’ पाहतात. मूळनिवासी लोक हजारो वर्षं बायसनचे कळप या कड्यावरून लोटून शिकार करत. १९८१ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. मग सस्कॅचवानचं ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यान. तिथे २००५ मध्ये बायसन पुन्हा आणले गेले.

यांतली काही मंडळी डिसेंबरात पिंपरी-चिंचवडमधल्या मोशीला आई-वडिलांकडे येतात, तेव्हा सुट्टी लग्नकार्यं, मॉल आणि फार तर महाबळेश्वर यांत संपते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेलाही गवताळ माळ आहे, तो पाहण्याचा बेत सहसा कोणी आखत नाही.

खरं तर तिथे पाहण्यासारखं बरंच आहे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथे हमखास दिसतो. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामतीतलं शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, खोकड ही या माळाची जनावरं. सरकारी दप्तरात असे माळ वर्षानुवर्षं ‘पडीक’ म्हणून नोंदले गेले. झाडं नाहीत म्हणजे काहीच नाही, असा हिशोब.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. मात्र चर्चा होते ती गाडीचीच: आत पलंग किती, स्वयंपाकघर कसं, भाडं काय. आकुर्डी-चाकणच्या वाहनउद्योगाच्या पट्ट्याला गाडी बांधणं अवघड नाही. अवघड आहे ती रात्री उभी करायची जागा. प्रेअरीतला आरव्ही प्रवास कॅम्पग्राउंडच्या बळावर चालतो: सपाट जागा, विजेचा खांब, पिण्याचं पाणी आणि मैलापाणी सोडायला डंप स्टेशन. हे नसेल तर कॅराव्हान म्हणजे ढाब्याशेजारी उभी केलेली महागडी खोली.

अशी जागा महाराष्ट्राला नव्याने शोधायला नको. वारीच्या मुक्कामाचे पालखी तळ आहेत.

मोशी बरोबर देहू-आळंदी रस्त्यावर आहे. तुकोबांची पालखी त्याच्या देहूच्या टोकाहून निघते, माउलींची आळंदीच्या. तुकोबांच्या पालखीची प्रथा त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली, असं मानतात. ही पालखी यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, म्हणजे याच कोरड्या माळमुलखातून. दिंड्यांबरोबर ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, शिधा आणि आचारी असतात. संध्याकाळी मुक्कामाला राहुट्या लागतात, चुली पेटतात, पहाटे सगळं आवरून पुढची वाट. फिरत्या घराचं शास्त्र वारकऱ्यांना कोणी शिकवायला नको. अनेक तळांवर शासनाने पाणी, दिवे, शौचालयं यांची कामंही केली आहेत. वारी पुढे सरकली की ती जागा बहुतेक रिकामीच.

पावित्र्याचं काय, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय नियमांचा: तळावर मद्य-मांस नाही, मोठा आवाज नाही, वारीच्या काळात गाड्यांना बंदी. वारी जून-जुलैची आणि माळावर फिरायचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, त्यामुळे तारखा एकमेकींच्या आड येत नाहीत. भाडं ग्रामपंचायतीला मिळालं, तर तळाची निगा वर्षभर राहील आणि त्याचा फायदा शेवटी वारकऱ्यांनाच होईल. गवताळ भागात मात्र एकही गाडी मुक्कामाला नको. लांडग्याची बिळं आणि धनगरांच्या मेंढ्यांची चराई दोन्ही तिथेच आहेत. मुक्काम तळावर, माळ पाहायचा तो वनविभागाच्या सफारीतून.

दुसरा प्रश्न मैलापाण्याचा, आणि तो मोशीकरांना जास्त कळेल. इंद्रायणीवर आळंदीत तरंगणारा फेस त्यांनी पाहिला आहे. त्यात कॅराव्हानच्या टाक्यांची भर पडता कामा नये. म्हणून सुरुवात मोशीतून व्हावी. इथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्राचं मोठं मैदान आहे. डिसेंबरातल्या किसान प्रदर्शनाची गर्दी ते दरवर्षी सांभाळतं. त्याच्या एका कोपऱ्यात महापालिकेच्या मैलाशुद्धीकरण व्यवस्थेला जोडलेलं डंप स्टेशन उभारलं, की गाड्या इथून निघतील आणि परतताना इथेच रिकाम्या होतील.

परदेशातल्या मराठी मंडळांनी इथे देणगीपेक्षा अनुभव द्यावा. कॅम्पग्राउंडचं आरक्षण कसं चालतं, दोन गाड्यांत किती अंतर असतं, रात्री जनरेटर किती वाजता बंद होतो, कचऱ्याचा डबा कसा असतो, हे त्यांच्या सभासदांना तोंडपाठ आहे. ते लिहून पर्यटन संचालनालयाकडे आणि वाटेवरच्या ग्रामपंचायतींकडे पाठवावं. उंडवडी आणि निमगाव केतकी अशा दोन मुक्कामांवर एका हिवाळ्यापुरता प्रयोग करून पाहायला एवढी माहिती पुरेशी आहे.